उकिरड्याची माशी आणि पाठीवरची माशी : प्रस्तावना

गुरांभोवती घोंघावणाऱ्या माशांपैकी बहुसंख्य माशा चावत नाहीत. डोळ्यांतून गळणारे पाणी, नाकातील स्राव, घाम किंवा जखमेतील पू चाटून त्या पोट भरतात, कारण घरमाशीसारख्या माशांच्या सोंडेचे टोक मऊ व पसरट असते आणि त्याने कातडी भेदता येत नाही. याच घरमाशीच्या कुळात, ज्याला कीटकशास्त्रात मस्किडी कुळ म्हणतात, एक लहानसा गट मात्र असा आहे की ज्यातील माशांची सोंड ताठ, काळी आणि टोकाशी बारीक दात असलेली असते, ती सोंड कातडीत रुतवून त्या रक्त शोषतात, आणि डास किंवा डांस (गुरांना चावणाऱ्या मोठ्या माशा) यांच्याप्रमाणे केवळ मादीच नव्हे, तर नर व मादी दोघेही रक्तावर जगतात. या गटातील ज्या दोन माशा भारतातील गुराढोरांना सर्वाधिक त्रास देतात, त्यांचा एकमेकींशी ताडून पाहिलेला परिचय हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यांपैकी पहिली स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स ही जवळजवळ जगभर आढळते आणि दुसरी हिमॅटोबिया एक्झिगुआ ही प्रामुख्याने दक्षिण व आग्नेय आशियातील आणि ऑस्ट्रेलियातील आहे.

बोलीत या दोन्ही माशांना, आणि त्यांच्याबरोबर आणखी चार-सहा जातींना, सरसकट गोमाशी म्हटले जाते, तर पशुपालकांसाठी निघणाऱ्या पत्रकांत ‘चावणाऱ्या माशा’ असा एकच वर्ग करून सर्वांवर एकच उपाय सांगितला जातो. दोन्हींची सोंड एकाच घडणीची, आहार एकच आणि बळी पडणारे जनावरही एकच असल्यामुळे हा सरसकटपणा समजण्यासारखा असला, तरी व्यवहारात तो महागात पडतो. या दोन माशांमधला खरा भेद त्यांच्या शरीरात शोधून फारसे हाती लागत नाही. तो त्या जनावराच्या अंगावर किती वेळ असतात आणि अंगावर नसतात तेव्हा कोठे असतात, यात आहे. त्या रोग किती पसरवतात, माणसाला चावतात की नाही, कोणत्या औषधाला दाद देतात आणि कोणत्या प्रकारच्या गोठ्यात वाढतात, या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी याच एका भेदातून निघतात.

ओळखीचा भाग थोडक्यात आटोपता येतो. स्टोमॉक्सिस आकाराने घरमाशीएवढी, म्हणजे पाच ते सात मिलिमीटर लांब असते. तिच्या राखाडी पाठीवर चार गडद उभे पट्टे आणि पोटावर काळे ठिपके असतात, आणि डोक्याच्या पुढे आडवी निघालेली सोंड दिसली नाही तर अनुभवी माणूसही तिला घरमाशी समजतो. हिमॅटोबिया तिच्या निम्म्याने, जेमतेम तीन ते चार मिलिमीटर लांब, सडपातळ आणि पंख किंचित फाकवून बसणारी असते. यूरोप-अमेरिकेत आढळणारी हिमॅटोबिया इरिटान्स हिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची असून काही अभ्यासक दोघींना एकाच जातीच्या उपजाती मानतात. पाश्चात्त्य संशोधनातील बरीच निरीक्षणे इरिटान्सवर झालेली आहेत आणि एक्झिगुआचे वर्तन त्यांच्याशी मोठ्या प्रमाणात जुळते, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात असावे.

जनावरावर बसण्याच्या रीतीवरून मात्र या दोघी काही अंतरावरूनही वेगळ्या ओळखता येतात. स्टोमॉक्सिस बहुधा पायांच्या खालच्या भागावर, गुडघ्याच्या खाली, डोके वर करून बसते. हिमॅटोबिया पाठ, खांदे, वशिंडाच्या बाजू आणि ऊन वाढले की पोटाखालचा भाग धरून, बहुधा डोके खाली करून, थव्याने बसते. पायावर बसणारी माशी जनावर शेपटीने हाकू शकत नाही, म्हणून ते पाय आपटते, आणि दुपारच्या वेळी एखाद्या कळपातील गुरे एकमेकांना चिकटून, पाय झाडत, कातडी थरथरवत उभी असतील तर स्टोमॉक्सिसचा संशय घ्यावा. पाठीवरच्या माशांसाठी जनावर मान मागे वळवून डोके झटकते, शेपटीचा गोंडा पाठीवर मारते, झाडाला किंवा खांबाला अंग घासते, आणि म्हैस असेल तर चिखलात लोळून कातडीवर गाळाचा थर चढवून घेते. डबक्यात डुंबण्याची तिची सवय केवळ उष्म्यापासून सुटका एवढ्यापुरती नाही.

या बसण्यामागचा दिनक्रम दोघींचा अगदी भिन्न आहे. स्टोमॉक्सिस दिवसातून एकदा किंवा दोनदा रक्त पिते, आणि अडथळा आला नाही तर दोन ते पाच मिनिटांत पोट फुगवून उडते. त्यानंतर ती गोठ्याची उन्हात तापलेली भिंत, कुंपणाचा खांब किंवा जवळचे झुडूप गाठून रक्त पचवत बसून राहते. तिच्या आयुष्याचा फार मोठा भाग जनावरापासून दूर जातो. हिमॅटोबिया याच्या नेमकी उलट आहे : कोषातून बाहेर पडून एकदा का जनावर सापडले की ती रात्रंदिवस त्याच्याच अंगावर राहते, तेथेच जोडीदार शोधते, दिवसातून दहा ते चाळीस वेळा थोडे थोडे रक्त पिते आणि मादी केवळ अंडी घालण्यापुरती खाली उतरते. हे उतरणेही काही मिनिटांचेच असते. जनावराने शेण टाकताच पाठीवरच्या माद्या झपाट्याने त्या ताज्या पोवर जातात, कडेला व खालच्या बाजूला अंडी घालतात आणि लगेच पुन्हा अंगावर परततात. पो दहा-पंधरा मिनिटांत थंड पडून त्यावर साय धरू लागली की त्याचे आकर्षण संपते.

स्टोमॉक्सिसला ताज्या शेणात फारसा रस नाही. तिला हवे असते ते कुजणारे, ओलसर, मुरलेले मिश्रण : गव्हाणीतून खाली पडलेली वैरण, कडब्याची कुट्टी, भुसा किंवा गवत, त्यात कालवले गेलेले शेण आणि त्यावर जिरलेले मूत. तिच्या अळ्यांना नुसता पालापाचोळा पुरत नाही, कारण त्या त्यातील जिवाणूंवर वाढतात आणि प्रयोगशाळेत निर्जंतुक केलेल्या खाद्यात त्या तगत नाहीत, असे दिसून आले आहे. म्हणून उकिरड्याचा कडेचा ओला पट्टा, मूरघासाच्या खड्ड्याशेजारी सांडलेला आंबट चोथा, पाण्याच्या हौदाभोवतीचा चिखल-वैरणीचा राडा ही तिची खरी जन्मस्थाने होत. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास तिला सुमारे तीन आठवडे लागतात, तर हिमॅटोबियाची अंडी एका दिवसात फुटून आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते.

या तपशिलाचा महाराष्ट्रातील पशुपालनाशी थेट संबंध आहे. हिमॅटोबियाची अळी ज्या पोत वाढते तो काही दिवस न विस्कटता, न सुकता पडून राहावा लागतो. गायरानात व माळावर चरणाऱ्या गुरांचे शेण तसे पडून राहते, पण जेथे शेण रोज सकाळी उचलून गोवऱ्या थापल्या जातात तेथे पातळ थापून उन्हात वाळवलेल्या शेणात तिची पिढी पुरी होणे शक्य नसते. गोवऱ्या थापणाऱ्या बायकांनी माशीचा विचार करून हे काम कधी केले नसेल, तरीही कीटकनियंत्रणाच्या दृष्टीने ते कोणत्याही फवारणीपेक्षा कमी मोलाचे नाही. उलटपक्षी, चराऊ रान आक्रसून गुरे बारमाही दावणीला आली, वैरण कापून गोठ्यात आणली जाऊ लागली आणि मुक्तसंचार गोठ्यात शेण-मूत-वैरणीचा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू लागला, की हिमॅटोबियाचे घर मोडते आणि स्टोमॉक्सिसचे उभे राहते. दुग्धव्यवसायाचे आधुनिकीकरण म्हणजे माशांपासून सुटका, असा जो समज आहे तो म्हणूनच अर्धा खरा आहे.

स्टोमॉक्सिसचे हे माणसाच्या हातून घडणारे पोषण शेतीच्या इतर प्रकारांतही दिसते आणि त्याची काही उदाहरणे विलक्षण आहेत. कोस्टा रिकात अननसाची लागवड वाढली, तेव्हा काढणीनंतर शेतात कुजणाऱ्या अननसाच्या अवशेषांत ही माशी इतकी माजली की शेजारच्या कुरणांतील गुरांचे हाल झाले. ब्राझीलमध्ये हेच उसाच्या बाबतीत घडले : ऊस पेटवून तोडण्याची पद्धत मागे पडून यंत्राने तोडणी सुरू झाल्यावर शेतात पाचट राहू लागले, त्यावर मद्यार्क कारखान्यांतील मळीचे सांडपाणी खत म्हणून शिंपडले गेले आणि त्या दोहोंच्या संयोगातून कारखान्यांभोवतीच्या गोपालकांवर माशांची टोळधाड यावी तशा लाटा येऊ लागल्या. पाचट न जाळता शेतात कुजवावे, असा आग्रह महाराष्ट्रातही धरला जातो आणि जमिनीच्या दृष्टीने तो योग्यच आहे; कोरडे पाचट माशीच्या उपयोगाचे नसते, पण सेंद्रिय सांडपाण्याने भिजून आंबलेले पाचट ही वेगळीच वस्तू आहे, एवढा बोध ब्राझीलच्या अनुभवातून घेण्यास हरकत नसावी. फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावर तर समुद्राने वाळूवर टाकलेल्या सागरी गवताच्या कुजत्या राशींचा या माशीशी संबंध आहे, आणि तेथे तिचा जाच गुरांपेक्षा किनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांना अधिक जाणवतो.

माणसाला चावण्याच्या बाबतीत दोघींची तुलना करण्याजोगे फारसे काही नाही. हिमॅटोबिया गुरांना सोडून क्वचितच दुसरीकडे जाते. म्हशीच्या पाठीवर बसलेल्या गुराख्याच्या हातावर ती अधूनमधून बसेल, पण घरात शिरून माणसाला शोधणार नाही. स्टोमॉक्सिस मात्र घोडा, बैल, कुत्रा, माणूस यांत फार निवड करीत नाही, कपड्यातून व मोज्यातून घोट्याला चावते आणि तिचा दंश सुई टोचावी तसा तत्काळ दुखतो. ‘पावसाळ्यात घरमाशा चावू लागतात’ अशी जी समजूत आढळते तिच्या मुळाशी बहुधा हीच माशी असते.

माणसाशी असलेल्या या सलगीमुळे एकदा या माशीवर फार गंभीर आरोप झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पोलिओच्या साथी उन्हाळ्याच्या अखेरीस येत आणि रोग पसरतो कसा, याचा उलगडा होत नव्हता. तेव्हा हार्वर्डचे मिल्टन रोझनाऊ यांनी सप्टेंबर 1912 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जाहीर केले की स्टोमॉक्सिसच्या चाव्यातून आजारी माकडाचा पोलिओ निरोगी माकडांना झाला आहे. थोड्याच अवधीत जॉन अँडरसन व वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी तसाच प्रयोग करून दुजोरा दिला आणि वृत्तपत्रांनी गोठ्यातील माशीला गुन्हेगार ठरवले. परंतु त्याच दोघांनी पुढच्या वर्षी केलेल्या प्रयोगांत एकही माकड आजारी पडले नाही, इतरांनाही यश आले नाही आणि कल्पना सोडून द्यावी लागली. विज्ञानाच्या इतिहासात या प्रकरणाची नोंद बहुधा एक फसलेला तर्क म्हणून होते, पण तो तर्क मुळात अडाणीपणाचा नव्हता : ऋतू जुळत होता, ग्रामीण भागातील प्रसार जुळत होता आणि माशीच्या दंशातून रोगजंतू जाऊ शकतात हे इतर रोगांत सिद्ध झालेले होते. चुकले ते एवढेच, की एका माशीच्या क्षमतेवरून साथीचे कारण ठरवले गेले. हा मोह आजही सुटलेला नाही.

माशीमार्फत होणारा रोगप्रसार दोन प्रकारचा असतो आणि येथे त्यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. आफ्रिकेतील त्सेत्से माशी निद्रारोगाचे जंतू रक्ताबरोबर गिळते, तिच्या शरीरात ते रूप बदलत वाढतात आणि काही आठवड्यांनंतर लाळेवाटे नव्या प्राण्यात जातात. याला जैविक प्रसार म्हणतात. यांत्रिक प्रसारात असे काहीच घडत नाही. आजारी जनावराचे रक्त पिताना माशीला हुसकावले गेले आणि सोंड ओली असतानाच ती शेजारच्या जनावराला चावली, तर सोंडेवरचे जंतू तेवढे दुसरीकडे पोचतात; थोड्या वेळाने ते सुकून मरतात आणि माशी पुन्हा निरुपद्रवी होते. म्हणजे यांत्रिक प्रसारासाठी माशी दुखणारा दंश करणारी, अर्धवट पोटी उठवली जाणारी आणि पोट भरेपर्यंत यजमान बदलणारी असावी लागते. स्टोमॉक्सिस या वर्णनात तंतोतंत बसते, कारण तिचा दंश सहन न होऊन जनावर पाय आपटते, ती उडते, पण भूक राहिलेलीच असते. हिमॅटोबिया दिवसाकाठी अनेकपट अधिक वेळा सोंड खुपसते, एकूण रक्तही जनावराला अधिक गमवावे लागते, आणि तरीही रोग पसरविण्यात ती मागे पडते, कारण हुसकावली तरी ती हातभर वर उडून त्याच जनावराच्या अंगावर परत बसते. एकाच यजमानाशी असलेली तिची निष्ठा त्या यजमानाला जाचक आणि कळपाला त्यामानाने सुरक्षित ठरते.

भारतात यांत्रिक प्रसाराचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे सर्रा हा रोग. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश लष्करी पशुवैद्याला तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंतू आढळले, ज्यांना पुढे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव मिळाले. सस्तन प्राण्यांत रोग उत्पन्न करणारा ट्रिपॅनोसोमा वर्गातील हा पहिला ज्ञात जंतू होय. हा रोग मोठ्या माशांच्या चाव्याने होतो, असे तेथील लोक आधीपासूनच मानत होते, हे विशेष. पुण्यात डिसेंबर 1889 मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्र्यावर दीर्घ संशोधन केले. ही प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवली गेली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. लेनर्ड रॉजर्स यांनी 1901 मध्ये डांसांच्या द्वारे सर्रा एका प्राण्यातून दुसऱ्यात जातो हे प्रयोगाने दाखवले. तेव्हापासून सर्र्याचे मुख्य वाहक म्हणून मोठे डांस आणि त्यांच्या जोडीला स्टोमॉक्सिस, अशी मांडणी रूढ आहे. डांस पावसाळ्याच्या आसपास काही काळच दिसतात, तर स्टोमॉक्सिस गोठ्यात जवळजवळ वर्षभर असते, ही बाब तिचे दुय्यम स्थान ठरवताना विसरता येत नाही.

सर्र्याचा हा जंतू माणसाला बाधत नाही, असा सिद्धान्त शतकभर टिकला, कारण मानवी रक्तद्रवातील एक प्रथिन त्याला मारून टाकते. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र हे जंतू मोठ्या संख्येने सापडले. वरचेवर येणाऱ्या तापाचे कारण तेच निघाले, सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला आणि नंतरच्या तपासणीत आढळले की जनुकीय दोषामुळे त्याच्या शरीरात ते संरक्षक प्रथिन, ज्याला अपॉल-1 म्हणतात, तयारच होत नव्हते. पुढे गावकऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा काहींच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, पण जंतू सापडले नाहीत. त्या माणसाला जंतू माशीच्या दंशाने मिळाला की आजारी गुराच्या रक्ताचा जखमेशी संपर्क आल्याने, हे ठरवता आले नाही, आणि ते ठरवण्याचा अट्टहास न करणेच शास्त्रीय दृष्ट्या योग्य होते.

लम्पी त्वचारोगाने यांत्रिक प्रसाराचा हा विषय प्रयोगशाळेबाहेर आणून प्रत्येक गोठ्यात पोचवला. 1929 मध्ये झांबियात प्रथम नोंदला गेलेला हा विषाणुजन्य रोग 2019 मध्ये ओडिशात आढळला, 2020 मध्ये महाराष्ट्रात आला आणि 2022 मध्ये त्याची मोठी साथ पसरली. युरोपीय संशोधकांनी 2019 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले की स्टोमॉक्सिस हा विषाणू आजारी जनावरातून निरोगी जनावरात नेऊ शकते. डासांविषयीही असा पुरावा त्यापूर्वी मिळालेला होता. साथीच्या काळात गोठ्यांत सर्वत्र फवारणीचा सल्ला दिला गेला तो याच आधारावर. तथापि त्या फवारणीचा रोख बहुतेक ठिकाणी जनावराच्या अंगावर होता आणि ज्या माशीवर संशय होता ती चोवीस तासांतील काही मिनिटेच तेथे असते.

हिमॅटोबियाने केलेली हानी रोगापेक्षा संख्येमुळे होते. एका म्हशीवर शेकडो माशा सहज असतात आणि कधी त्यांची गणती हजारांत जाते. प्रत्येक माशी दिवसाला काही मिलिग्रॅमच रक्त पीत असली तरी चरण्यात व रवंथात सतत येणारा व्यत्यय, घासून सोललेली कातडी आणि दुधातील घट यांचा हिशेब मोठा होतो. ऑस्ट्रेलियात या माशीमार्फत स्टेफॅनोफायलेरिया नावाचा सूक्ष्म कृमी पसरून डोळ्यांच्या कडांना, मानेवर व पोटाखाली चरत जाणारे व्रण होतात. भारतातील गुरांच्या वशिंडावर दिसणारा व्रण याच वर्गातील दुसऱ्या कृमीमुळे होतो. मात्र त्याचा वाहक म्हणून घरमाशीच्या गणातील, न चावणारी एक माशी ओळखली गेली आहे, तेव्हा अंगावर दिसणाऱ्या प्रत्येक जखमेचा दोष हिमॅटोबियाला देणेही बरोबर नाही.

हिमॅटोबिया स्वतःच्या पंखांवर दूरचा पल्ला क्वचितच गाठते. तिचा प्रसार झाला तो तिने न सोडलेल्या जनावरांबरोबर. इरिटान्स ही जात यूरोपातून आलेल्या गुरांबरोबर अमेरिकेत उतरली, 1887 मध्ये फिलाडेल्फियाच्या परिसरात प्रथम लक्षात आली आणि शतक पालटेपर्यंत त्या देशाच्या बहुतेक भागांत पोचली. दक्षिण अमेरिकेत ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या उत्तर टोकाला दिसली आणि 1991 मध्ये अर्जेंटिनात शिरली. एक्झिगुआ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिमोरकडून आणलेल्या म्हशींबरोबर उत्तर ऑस्ट्रेलियात गेली, 1928 च्या सुमारास क्वीन्सलँडमध्ये शिरली आणि 1970 च्या दशकातील ओल्या वर्षांत दक्षिणेकडे सरकली.

ऑस्ट्रेलियात तिचे इतके फावण्याचे कारण पोतच होते. तेथील मूळ शेणकिड्यांना कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गाई-म्हशींचे मोठे, ओले पो त्यांना झेपत नव्हते, ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहत आणि त्यांत माशा वाढत. मूळचे हंगेरियन असलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिझा यांनी 1950 नंतरच्या काळात ही विसंगती हेरली आणि त्यांच्या प्रेरणेने तेथील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1965 पासून सुमारे दोन दशके आफ्रिका व यूरोपातून शेणकिडे आणून सोडण्याचा प्रकल्प राबवला. चाळीसहून अधिक जाती सोडल्या गेल्या, त्यांतील वीसहून अधिक रुजल्या आणि कुरणांचे व जमिनीचे त्यात निःसंशय भले झाले. हिमॅटोबियाचा बंदोबस्त मात्र अपेक्षेएवढा झाला नाही, कारण तिची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते आणि तेवढ्या अवधीत पो पूर्णपणे उधळला जाईल इतके किडे सर्व ऋतूंत व सर्व प्रदेशांत जमत नाहीत. भारतातील शेणकिडे गाई-म्हशींच्या शेणावर शतकानुशतके पोसलेले असल्याने येथील माळावरचा पो पावसाळ्याच्या तोंडाला एका रात्रीत नाहीसा होताना दिसतो, आणि येथे प्रश्न नवे किडे आणण्याचा नसून असलेले टिकवण्याचा आहे. जंत व गोचीड यांवर दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा अंश शेणातून बाहेर पडतो; तो हिमॅटोबियाच्या अळ्या मारतो हे खरे, पण शेणकिड्यांच्या अळ्याही मारतो, आणि या दोन परिणामांची वजाबाकी करून मगच ते औषध माशीवरचा उपाय म्हणून सुचवणे योग्य ठरेल.

स्टोमॉक्सिसच्या उद्रेकाचा सर्वांत भयानक दाखला गोठ्यातला नाही. टांझानियातील गोरोंगोरो विवरात 1962 मध्ये, दुष्काळानंतरच्या असाधारण पावसाने, या माशांची संख्या बेसुमार वाढली आणि तेथील सिंहांच्या अंगावर दंशांनी पडलेल्या जखमा चिघळू लागल्या; सिंह झाडांवर चढून बसू लागले, तरसांच्या बिळांत शिरू लागले, शिकार करेनासे झाले आणि काही महिन्यांत पाऊणशेच्या घरातील संख्या जेमतेम दहा-पंधरावर आली. शेपटी, आयाळ आणि ताकद असलेला प्राणीही पायाशी बसणाऱ्या माशीपुढे किती हतबल होतो, हे यातून दिसले. पशुधनाच्या हिशेबात पाहिले तर अमेरिकेतील गुरांच्या दूध व मांस उत्पादनात या एका माशीमुळे वर्षाला सुमारे 2.2 अब्ज डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज 2012 मध्ये प्रसिद्ध झाला होता.

नियंत्रणाच्या उपायांत दोघींचा स्वभावभेद सर्वांत ठळकपणे उतरतो. हिमॅटोबिया कायम कातडीवर असल्याने पाठीवर ओतलेले किंवा फवारलेले पायरेथ्रॉइड गटातील औषध तिच्यावर झटपट लागू पडते, पण तेच तिचे बळही ठरले आहे : सर्व माशा सतत औषधाच्या संपर्कात राहिल्यामुळे ज्या थोड्या तगतात त्यांचीच संतती पुढे येते, आणि अमेरिकेत 1980 च्या सुमारास गुरांच्या कानात अडकवण्याची कीटकनाशकयुक्त पट्टी निघाली तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत अवघ्या काही वर्षांत तिला दाद न देणाऱ्या माशा सर्वत्र झाल्या. स्टोमॉक्सिसच्या बाबतीत औषध पायांवर टिकत नाही, चिखल-पाण्याने धुऊन जाते आणि माशी त्यावर फार वेळ बसतही नाही. प्रतिकारक्षम माशा तिच्यातही आढळल्या आहेत, परंतु फवारणी वाया जाण्याचे मुख्य कारण ते नव्हे. तिच्यासाठी गव्हाणीखालची उरलेली वैरण आठवड्यातून एकदा तरी खरवडून पसरवणे व वाळवणे, उकिरड्याचा ढीग उंच व आटोपशीर ठेवून तो आतून तापू देणे, मुताचा निचरा करणे आणि उन्हातल्या भिंतींवर, जेथे ती विसावते तेथे, मोजकी फवारणी करणे यांचा उपयोग होतो. कोषांत अंडी घालून माशी मारणाऱ्या स्पॅलँजियासारख्या बारीक गांधीलमाश्या कोरड्या, निर्मळ गोठ्यात आपोआप वाढतात आणि अंधाधुंद फवारणीत सर्वप्रथम मरतात. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याच्या प्रथेने माशा तेवढ्यापुरत्या दूर होतात. त्याहून अधिक श्रेय त्या प्रथेला देण्याची गरज नाही आणि ती मोडण्याचीही नाही.

उपाय कोणताही असला तरी आधी मोजणी हवी आणि ती दोघींसाठी वेगळी आहे. स्टोमॉक्सिसची मोजणी माशा चावण्याच्या ऐन वेळी, म्हणजे ऊन चढलेले असताना, दहा-पंधरा जनावरांच्या पुढच्या पायांच्या गुडघ्याखालील भागावर करतात, आणि एका पायावर सरासरी पाच माशा भरल्या की नुकसान सुरू झाले असे अमेरिकी अभ्यासक मानतात. हिमॅटोबियाची मोजणी सकाळच्या थंड वेळी, माशा पाठीवर व कुशीवर उघड्या बसलेल्या असताना, जनावराच्या एका बाजूला करून आकडा दुप्पट धरतात; तिच्यासाठी मर्यादा दोनशेच्या आसपास मानली जाते. हे दोन्ही आकडे समशीतोष्ण प्रदेशातील, मोठ्या चणीच्या गुरांवरून काढलेले आहेत, आणि गीर, खिल्लार, डांगी किंवा पंढरपुरी म्हैस यांची कातडी, केस आणि शेपटीचा फटकारा वेगळा असल्यामुळे ते येथे जसेच्या तसे लावू नयेत. पुढील प्रकरणांत जेथे जेथे माशांची संख्या दिली आहे तेथे जनावराची जात, मोजणीची वेळ आणि शरीराचा भाग यांची नोंद आकड्याबरोबरच केलेली आहे.